आपले बुडविले, दुसऱ्याचे नाही

देहूच्या श्रीतुकोबारायांना आपण संत म्हणून ओळखतो. पण ते आधी दुकानदार होते, सावकार होते, हे पुष्कळदा विसरतो. पूर्वज विश्वंभरबाबांपासून घरात पंढरीची वारी, आणि त्याच घरात पेठेची महाजनकी, शेतीवाडी व देवघेव. वडील बोल्होबा थकले. थोरले बंधू सावजी विरक्त, त्यांचे मन प्रपंचात रमेना. म्हणून मधल्या तुकोबांच्या अंगावर कोवळ्या वयातच दुकान पडले. लोकांची खते, रोखे त्यांच्या पेटीत जमू लागले.

पुढे आईबाप गेले, भावजय गेली, सावजी तीर्थांना निघून गेले. त्यातच इ. स. १६३० च्या सुमाराचा तो महादुष्काळ आला. पाऊस नाही, दाणा नाही. गुरे मेली, माणसे देशोधडीला लागली. तुकोबांचे दिवाळे निघाले. थोरल्या पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या. लहानगा संतोबाही गेला. तुकोबांचे वय तेव्हा विशी-बाविशीचे.

अहो, अशा वेळी माणूस काय करतो? जो रोखा हाती लागेल तो घेऊन ऋणकोच्या दारात बसतो! रोखे खरे होते, दिलेली रक्कम खरी होती. मागितली असती तर कोणी अन्याय म्हटला नसता.

महिपतीबुवांनी इ. स. १७७४ मधील भक्तलीलामृतात पुढची हकीकत सांगितली आहे. तुकोबा डोंगरावर एकांतात जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा शोधत तेथे पोचले. दोघे इंद्रायणीकाठी आले आणि तुकोबांनी घरातले सारे रोखे आणविले. ते डोहात सोडावे, हा त्यांचा विचार. पण कान्होबांना बायकामुले पोसायची होती. आपण साधू झालात, मी काय खाऊ, असे त्यांचे म्हणणे पडले.

इथे थांबून पाहा बरं! तुकोबा वडील होते, घरचे कर्ते होते. धाकट्याला गप्प बसविणे त्यांना अवघड नव्हते. पण त्यांनी सरळ दोन वाटण्या केल्या. अर्धे रोखे कान्होबांच्या हाती दिले आणि आपल्या वाटणीचे तेवढे इंद्रायणीत सोडले.

आम्ही कीर्तनात रोखे बुडविल्याचे ऐकतो आणि मान डोलावतो. पण आमच्या मते खरी गोम त्या वाटणीत आहे. दुष्काळाने ज्यांचे घर बसले त्यांच्याकडून वसुली करणे हा हक्क होता. तुकोबांनी तो सोडला, कारण उपाशी राहणे म्हणजे काय हे घरात पाहिले होते. मात्र भावाचा हक्क सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही, हेही त्यांनी ओळखले. दया करायची ती आपल्या पदरचे देऊन. दुसऱ्याच्या पैशावर नव्हे.

कोणी म्हणेल, तुकोबांनी कर्ज सोडले, मग आम्हीही फेडीत नाही. बाबांनो, घेणेकऱ्याने माफ करणे वेगळे आणि देणेकऱ्याने बुडविणे वेगळे! कान्होबांच्या वाटणीचे देणे तसेच उभे राहिले, हे विसरू नये.

पुढे तुकोबांनी पडके विठ्ठलमंदिर दुरुस्त केले, कीर्तन धरले आणि इ. स. १६५० मध्ये ते वैकुंठास गेले. आम्ही वारकरी देहूला जातो, इंद्रायणीत हात जोडून उभे राहतो. तेव्हा आपल्या पेटीतही एकदा मनाने डोकावावे: त्यात सोडण्याजोगे आपले किती आणि परत करण्याजोगे दुसऱ्याचे किती?

राम कृष्ण हरि.