विश्लेषण : रिव्हॉल्व्हरला ‘मॅग्नम’ ताकद मिळवून देणारा एल्मर कीथ कोण होता? गोळीची ताकद वाढली की हाताचे काय होते?

‘डर्टी हॅरी’ (१९७१) पाहिलेल्यांना क्लिंट ईस्टवुडच्या हातातले लांब नळीचे रिव्हॉल्व्हर नक्की आठवत असेल. ते स्मिथ अँड वेसन कंपनीचे ‘मॉडेल २९’ आणि त्यातले काडतूस ‘.४४ मॅग्नम’. चित्रपट गाजला आणि या रिव्हॉल्व्हरला मागणी वाढली. पण या काडतुसाची कल्पना कुठल्या प्रयोगशाळेत सुचलेली नव्हती. तिच्यामागे अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातला एक गुराखी होता. त्याचे नाव एल्मर कीथ.

भाजलेला हात आणि गुराख्याची नोकरी

कीथचा जन्म ८ मार्च १८९९ रोजी मिसुरी राज्यातल्या हार्डिन गावी झाला. कुटुंब पुढे मोंटानात गेले. तिथे लहान वयात तो एका आगीत गंभीर भाजला आणि त्याचा डावा हात वाकडा होऊन बसला. नंतर आई-वडिलांच्या मदतीने, भयंकर वेदना सोसून, तो हात पुन्हा कामाचा करण्यात आला. त्याची शालेय शिक्षणाशी फारशी गाठ पडली नाही. गुरे राखणे, घोडे माणसाळवणे, शिकाऱ्यांना डोंगरात वाट दाखवणे हीच त्याची कामे. घोडा बिथरला किंवा जखमी जनावर अंगावर आले, तर कमरेचे रिव्हॉल्व्हर हाच आधार. आणि ते पुरेसे जोरदार नाही, हे त्याचे पहिल्यापासूनचे म्हणणे होते.

हँडलोडिंग म्हणजे काय?

काडतुसाचे चार भाग असतात : पितळी केस, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. गोळी उडाली तरी पितळी केस शिल्लक राहते. ती पुन्हा आकारात आणून, नवा प्रायमर, मोजलेली दारू आणि नवी गोळी बसवणे म्हणजे हँडलोडिंग. अमेरिकेतल्या खेड्यांत हा काटकसरीचा उद्योग होता. कीथने त्याचा प्रयोग केला. दारू थोडी जास्त, गोळी थोडी जड आणि मग चाचणी.

अडचण अशी, की केसमध्ये दाब किती निर्माण होतो हे डोळ्यांना दिसत नाही. खडकी किंवा वरणगावच्या सरकारी कारखान्यांसारख्या ठिकाणी त्यासाठी यंत्रे असतात. कीथकडे असे यंत्र नव्हते. वापरलेली केस सिलिंडरमध्ये अडकते का, प्रायमर चपटा होतो का, यावरून तो अंदाज बांधत असे. हे संकेत उशिरा मिळतात. कधी कधी फारच उशिरा.

चार जुलैचा स्फोट

४ जुलै १९२५. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन साजरा करण्यासाठी कीथने आपले जुने ‘.४५ कोल्ट’ रिव्हॉल्व्हर हवेत झाडले. आत रायफलसाठीच्या जड शिशाच्या गोळ्या आणि साधी काळी दारू होती. सिलिंडरचा वरचा भाग उडून गेला. तो थोडक्यात वाचला. दुसऱ्या कुणी हा नाद सोडला असता. कीथने फुटलेला सिलिंडर पाहिला आणि दोष कुठे आहे ते शोधले.

कोल्टच्या या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर बाहेरून एकाच मापाचा असे, मग गोळी कुठलीही असो. .४५ साठी सहा मोठी भोके पाडली की मधल्या भिंती पातळ उरतात. .४४ ची भोके जराशी लहान, म्हणून भिंती जाड. दिवाळीत सुतळी बॉम्ब आणि कागदी लवंगी यांच्यात जो फरक असतो, तो आवळून बांधण्याचा. इथे मात्र आवरण फुटू नये हाच सारा खटाटोप. कीथ .४५ सोडून ‘.४४ स्पेशल’कडे वळला आणि पुढची तीस वर्षे तिथेच राहिला.

त्याच वर्षी ‘अमेरिकन रायफलमन’ या मासिकातून त्याचे लिखाण छापून येऊ लागले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याने एका गोळीचा आराखडा केला. पुढचे टोक चपटे, मागे धारदार खांदा, वजन सुमारे १६ ग्रॅम. ही ‘कीथ गोळी’ आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. १९३० च्या दशकात ‘२४००’ नावाची मंद जळणारी दारू बाजारात आली आणि त्याचे काम सोपे झाले. भरभर जळणारी दारू सगळा दाब एकदम टाकते. मंद दारू गोळीला नळीतून शेवटपर्यंत ढकलत राहते. तोच वेग कमी कमाल दाबात मिळतो.

‘मॅग्नम’ हे नाव कुठून आले?

शॅम्पेनच्या दीड लिटरच्या मोठ्या बाटलीला मॅग्नम म्हणतात, तिथून. रिव्हॉल्व्हरच्या जगात हा शब्द १९३५ मध्ये ‘.३५७ मॅग्नम’ने आणला. त्याचे मुख्य श्रेय स्मिथ अँड वेसनचे डग्लस वेसन आणि हँडलोडिंगवर लिहिणारे फिलिप शार्प यांना जाते. कीथचे प्रयोगही त्या वाटेवर होतेच, पण त्याचे मन .४४ मध्ये अडकलेले.

दुसऱ्या महायुद्धात त्याने युटामधल्या ऑग्डेन शस्त्रागारात तपासनीस म्हणून काम केले. युद्धानंतर तो रेमिंग्टन आणि स्मिथ अँड वेसनच्या मागे लागला. कंपन्यांची भीती रास्त होती : असे जहाल काडतूस कुणी जुन्या .४४ रिव्हॉल्व्हरमध्ये घातले तर? उपाय साधा निघाला. केस सुमारे तीन मिलिमीटरने लांब केली. जुन्या सिलिंडरमध्ये ती पूर्ण बसतच नाही. १९५५ च्या अखेरीस ‘.४४ मॅग्नम’ तयार झाले आणि १९५६ मध्ये बाजारात आले.

धक्का नेमका किती?

मोरा धक्क्याला छोट्या होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते. रिव्हॉल्व्हरचेही तसेच. सुमारे साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला ४५० मीटर वेगाने सुटेल, असा कंपनीचा दावा होता. त्या हिशेबाने १.३ किलोचे रिव्हॉल्व्हर सेकंदाला पाच मीटरहून अधिक वेगाने, म्हणजे ताशी १८-१९ किलोमीटरने, तळहातावर आदळते. त्यात सुटणाऱ्या वायूचा झटका वेगळा. तीच गोळी सव्वापट वेगाने सोडली, तर हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते.

गंमत इथे आहे. कीथने मागितले होते ते सेकंदाला सुमारे ३६५ मीटर, त्याच्या आवडत्या १६ ग्रॅमच्या गोळीसह. कारखान्याने त्याच्यापुढे मजल मारली. गोळी हलकी, वेग बराच जास्त, शिसे मात्र मऊ. कीथ धक्क्याबद्दल कुरकुरणारा नव्हता, उलट तो सहज सोसण्याजोगा आहे असे लिहीत असे. सामान्य गिऱ्हाइकांचा अनुभव वेगळा होता. पन्नासच्या खोक्यातली सहाच काडतुसे झाडून लोक रिव्हॉल्व्हर खोक्यासकट विकायला काढत, असे त्या काळाबद्दल सांगितले जाते. धक्क्याची धास्ती घेतलेला माणूस घोडा दाबण्याआधीच डोळे मिटतो, मनगट ताठ करतो आणि नेम चुकतो. चुकलेल्या गोळीची ताकद कितीही असली तरी ती वाया. म्हणूनच अनेक हँडलोडर .४४ मॅग्नमच्या केसमध्ये कारखान्यापेक्षा सौम्य भरणा करतात. तो भरणा कीथच्या मूळ मागणीच्या जवळ जातो.

भारतात हे करता येते का?

शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे. आपल्याकडे परवानाधारकाजवळ सहसा .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर असते. त्याच्या गोळीच्या तुलनेत .४४ मॅग्नमची ऊर्जा सुमारे दहापट. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्या प्रकारात .२२ ची, अडीच ग्रॅमच्या आसपासची गोळी वापरतात. तिथे कस लागतो तो स्थिरतेचा.

शेवटची वर्षे

कीथ आयडाहोतल्या सॅमन गावी राहिला. मोठी हॅट, तोंडात सिगार आणि सतत वाद. हलक्या-वेगवान गोळीचा पुरस्कर्ता जॅक ओ’कॉनर याच्याशी त्याचे लेखणीयुद्ध वाचकांनी वर्षानुवर्षे चवीने वाचले. १९६४ च्या ‘.४१ मॅग्नम’मागेही त्याचा आग्रह होता. १९७९ मध्ये आत्मचरित्र आले, १९८१ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि लिखाण थांबले. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी त्याचे निधन झाले. त्याच्या संग्रहातल्या शस्त्रांचा २०१५ मध्ये लिलाव झाला. त्यात १९२० च्या दशकात त्याने खास बनवून घेतलेले ‘नंबर पाच’ही होते. ते होते .४४ स्पेशलचे.