विश्लेषण : कापरेकर मास्तरांचा ६१७४ आणि तुमच्या फोनची गुप्त किल्ली

उमरखेडच्या बसस्थानकावर फोन हरवला, तर सापडणाऱ्याला त्यातले फोटो, कागदपत्रे दिसतील का? फोन नवा असेल आणि स्क्रीन लॉक लावलेले असेल, तर सहसा नाही. फोनमधल्या फाइल एन्क्रिप्ट, म्हणजे कूटबद्ध केलेल्या असतात. पण कुलूप कितीही भक्कम असले, तरी किल्ली ओळखता आली की सगळे फुकट. ही किल्ली कशी बनवू नये, हे देवळालीच्या एका मास्तरांच्या गणितातून छान कळते.

कोण होते कापरेकर?

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूत झाला. शालेय शिक्षण ठाण्यात, पुढे पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले, १९२९ मध्ये पदवी. १९३० ते १९६२ अशी ३२ वर्षे ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात पद नाही. त्यामुळे अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम आकड्यांची गंमत म्हणून बाजूला सारले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि जगाचे लक्ष गेले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

६१७४ ची जादू काय?

हा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून लहान संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. १९९८ घेतल्यास ९९८१ वजा १८९९ म्हणजे ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. पुढे ६१७४ च येत राहते. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. कापरेकरांच्या जन्मसालाला, १९०५ ला, बरोबर सात लागतात.

किल्लीशी याचा संबंध काय?

कापरेकरांनी एन्क्रिप्शनवर काम केले नव्हते. पण ०००१ सारख्या संख्या धरल्या तर ९,९९० वेगवेगळ्या सुरुवाती आणि शेवट एकच, हा किल्ली बनवणाऱ्यांसाठी इशाराच आहे. आकड्यांची कितीही उलटापालट केली, तरी त्यातून नवी अनिश्चितता जन्माला येत नाही. उलट पर्याय कमी होऊ शकतात.

हे प्रत्यक्षात घडलेही. डेबियन या लिनक्स प्रणालीत २००६ मध्ये केलेल्या एका बदलामुळे किल्ल्यांमधली अनिश्चितता जवळजवळ संपली. २००८ मध्ये चूक उघड झाली, तेव्हा कळले की प्रत्येक प्रकारच्या जेमतेम ३२ हजार किल्ल्याच तयार होऊ शकत होत्या. दिसायला त्या लांबलचक होत्या, पण संगणक त्या सगळ्या सहज तपासून पाहू शकत होता.

मग खरी किल्ली कुठून येते?

अंदाज बांधता न येणाऱ्या गोष्टींतून. चिपमधला विद्युत गोंगाट, यंत्रातल्या घटनांच्या वेळांमधला सूक्ष्म फरक, असे बरेच काही ऑपरेटिंग सिस्टिम गोळा करते आणि त्यातून किल्ली घडवते. २५६ बिटांच्या किल्लीचे पर्याय मोजायला ७८ अंकी संख्या लागते. चार अंकी पिनचे पर्याय फक्त १०,०००. म्हणून पिन हीच किल्ली नसते. पिन त्या किल्लीपर्यंत पोहोचण्याचा दरवाजा उघडतो आणि चुकीचे प्रयत्न वाढले की फोन पुढच्या प्रयत्नासाठी थांबायला लावतो.

तुम्ही काय करावे?

* जन्मसाल, गाडीचा नंबर किंवा १२३४ हा पिन ठेवू नका. किमान सहा अंक वापरा.
* लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट करताना एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा शब्दांचा पासवर्ड निवडा. शब्द मनाने नव्हे, चिठ्ठ्या टाकून काढा.
* रिकव्हरी की कागदावर लिहून वेगळ्या जागी ठेवा. पासवर्ड विसरला आणि हीदेखील हरवली, तर फाइल तुम्हालाही परत मिळणार नाहीत.

कापरेकरांनी आणखी एक गट शोधला होता. १५ मध्ये तिचे अंक १ आणि ५ मिळवले की २१ मिळते, पण २० अशा रीतीने कोणत्याच संख्येतून मिळत नाही. अशा संख्यांना त्यांनी आपल्या गावाचे नाव दिले, देवळाली संख्या. त्या गुप्त नसतात, त्यामुळे किल्ली म्हणून कामाच्या नाहीत. पण चांगल्या किल्लीचा गुण मात्र असाच हवा. तुमच्याबद्दलच्या कोणत्याही माहितीतून ती कुणाला काढता येऊ नये.