वॉशिंग्टनची भट्टी

जॉर्ज वॉशिंग्टन म्हटला की बर्फाळ डेलावेअर नदी ओलांडणारा सेनापती आठवतो, नाहीतर डॉलरच्या नोटेवरचा ओठ घट्ट मिटलेला चेहरा. हा माणूस आयुष्याच्या अखेरीस व्हिस्की गाळत होता, आणि तीही देशातल्या मोठ्यात मोठ्या भट्ट्यांपैकी एका भट्टीत, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. माझा जन्म बँकेच्या खातेवह्या चाळण्यात गेला. त्यामुळे असेल, पण मला त्याच्या लढायांपेक्षा या भट्टीचा हिशेब अधिक बोलका वाटतो.

वॉशिंग्टनचा जन्म १७३२ चा, व्हर्जिनियातला. तरुणपणी त्याने जमिनीची मोजणी केली, पुढे सैन्यात गेला, मग पोटोमॅक नदीकाठच्या माउंट व्हर्नन इस्टेटीचा मालक झाला. मद्याच्या बाबतीत तो व्यवहारी होता. १७५८ च्या निवडणुकीत त्याच्या वतीने मतदारांना रम, वाइन, बिअर वगैरे मिळून १४४ गॅलन पेये पाजली गेली. १७७७ मध्ये, ऐन युद्धात, सैन्याला दारू कमी पडू नये म्हणून सरकारी भट्ट्या उभारण्याची सूचना त्यानेच काँग्रेसला केली होती.

युद्ध जिंकले, १७८९ मध्ये तो पहिला अध्यक्ष झाला. पण स्वातंत्र्याबरोबर डोंगराएवढे कर्जही वाट्याला आले होते. ते फेडण्यासाठी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने १७९१ मध्ये देशात गाळलेल्या दारूवर कर बसवला. वॉशिंग्टनने त्यावर सही केली आणि पश्चिम पेनसिल्व्हेनियात वणवा पेटला.

तिथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने भट्टी ही चैन नव्हती. त्याच्या शेतात राय हे गव्हासारखे धान्य पिके. ते दळून गरम पाण्यात कालवायचे, त्यात मोड आणून वाळवलेल्या जवाचे पीठ घालायचे. मोडांमुळे पिठातल्या पिष्टाची साखर होते आणि आंबल्यावर साखरेचे मद्यार्क. हे आंबवण तांब्याच्या हंड्यात तापवले की मद्यार्क पाण्याआधी वाफेवाटे निघतो, कारण तो ७८ अंशांना उकळतो, पाणी १०० अंशांना. ती वाफ गार पाण्यात बुडवलेल्या वेटोळ्या नळीतून गेली की थेंबथेंब दारू होते. दुसऱ्यांदा गाळली की कडक व्हिस्की तयार. डोंगर ओलांडून धान्य बाजारात नेणे परवडत नसे. तेच धान्य पिंपात भरून नेले तर एका घोड्यावर कितीतरी पट अधिक मावे. शिवाय मुलखात नाणे दुर्मीळ होते. मजुराची मजुरी, दुकानदाराची उधारी व्हिस्कीवर भागे. घरची भट्टी हीच त्यांची टांकसाळ.

कर मात्र रोख मागितला गेला. १७९२ च्या दुरुस्तीनंतर दोन मुख्य वाटा होत्या: हंड्याच्या मापावर वर्षाला गॅलनमागे ५४ सेंट, किंवा प्रत्यक्ष गाळलेल्या गॅलनमागे ७ सेंट. वर्षभर भट्टी पेटती ठेवणाऱ्याला पहिली वाट सोयीची. सुगीनंतर चार आठवडे गाळणाऱ्याला ती महाग पडे. कर चुकवल्याच्या खटल्यासाठी बोलावणे येई ते तीनशे मैलांवरच्या फिलाडेल्फियाहून. जुलै १७९४ मध्ये जमावाने कर निरीक्षक जॉन नेव्हिल याचे घर जाळले. वॉशिंग्टनने सुमारे १३,००० शिबंदी उभी केली आणि बेडफर्डपर्यंत स्वतः तिच्याबरोबर गेला. फौज पोहोचेपर्यंत बंड विरले होते. दोघांना राजद्रोहाबद्दल फाशीची शिक्षा झाली. वॉशिंग्टनने दोघांनाही माफी दिली.

मार्च १७९७ मध्ये तो निवृत्त होऊन घरी आला. इस्टेटीचा व्यवस्थापक जेम्स अँडरसन हा स्कॉटलंडचा. गिरणी आहे, राय आहे, मग भट्टी का नको, असा त्याचा हिशेब. आधी पिंपे बनवण्याच्या खोलीत दोन हंडे बसले. नफा दिसताच ७५ फूट लांब, ३० फूट रुंद इमारत उठली, हंडे पाच झाले. मिश्रण ठरलेले: ६० टक्के राय, ३५ टक्के मका, ५ टक्के मोड आणलेले जव. पिंपात मुरवत ठेवण्याची भानगड नाही. गाळली की विकली. उरलेल्या चोथ्याचे आंबोण डुकरांना. १७९९ मध्ये जवळजवळ ११,००० गॅलन व्हिस्की निघाली. तिथे राबणारी माणसे सहा: हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनिअल, जेम्स आणि टिमथी. सहाही गुलाम. रोजगाराच्या खात्यावर त्यांच्या नावाने काही जमा होण्याचा प्रश्नच नव्हता.

कर? तो वॉशिंग्टनने चोख भरला, १७९८ साठी ३३२ डॉलर. मी कागदावर भागाकार केला. तेवढाच कर ११,००० गॅलनांवर पसरला, तर गॅलनमागे तीन सेंट पडतात. दुसरी वाट धरलेल्या छोट्या शेतकऱ्याला त्याच गॅलनवर सात सेंट. वॉशिंग्टनने कायदा मोडला नाही, त्यातली पळवाटही शोधली नाही. भट्टीचा विचार मनात येण्याआधीच कायदा झाला होता. तो त्याने स्वतःसाठी केला नव्हता, पण त्याच्या मापाचा निघाला. बंडखोर हेच ओरडून सांगत होते: मोठ्याला हा कर सोसतो, आम्हाला नाही. त्यांनी घर जाळले हा गुन्हा खराच, पण त्यांचे गणित चुकले नव्हते.

१४ डिसेंबर १७९९ रोजी वॉशिंग्टन वारला. आपल्या मालकीच्या गुलामांना पत्नीच्या पश्चात मुक्त करावे, असे तो मृत्युपत्रात लिहून गेला. तिने १८०१ च्या आरंभी हयातीतच ते केले. तिच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीतून आलेले गुलाम मात्र तसेच राहिले. तो दारूकर जेफर्सनच्या कारकिर्दीत १८०२ मध्ये रद्द झाला. भट्टी १८१४ मध्ये जळाली आणि २००७ मध्ये, जुन्या पायावर पुन्हा बांधून, लोकांसाठी खुली झाली.

या माणसाचा प्रामाणिकपणा नाकारण्याचे कारण नाही. पण कर भरणाऱ्यांच्या यादीत प्रामाणिक मोठा आणि प्रामाणिक छोटा शेजारी बसले, तरी दोघांच्या खिशातून सारखे जात नाही. कर बसवणाऱ्याने सही करण्याआधी हा भागाकार करून पाहावा.