दुर्गाबाई खोटे

मराठी रंगभूमीवर एके काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत असत. चित्रपटाचा आरंभही याच रीतीने झाला. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट काढला, तेव्हा राणी तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना एकही स्त्री मिळेना. अखेर साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवून त्यांनी ते काम करून घेतले. पुढे मूकपटांत स्त्रिया आल्या. परंतु चांगल्या घरातील स्त्रीने पडद्यावर दिसणे म्हणजे कुळाला बट्टा लावणे, अशीच लोकांची समजूत होती. ही समजूत ज्यांच्यामुळे पालटली, त्यांत दुर्गाबाई खोटे यांचे नाव अग्रभागी आहे.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी झाला. त्यांचे माहेरचे आडनाव लाड. वडील मुंबईतील नामवंत सॉलिसिटर होते. घर सुखवस्तू आणि शिक्षणाची आवड असलेले. त्यामुळे दुर्गाबाईंना कॅथीड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर महाविद्यालयात शिकावयास मिळाले. महाविद्यालयात असतानाच त्यांचा विवाह झाला आणि त्या खोट्यांच्या श्रीमंत घरात सून म्हणून आल्या. बकुल आणि हरीन हे त्यांचे दोन पुत्र.

परंतु वैभवाचे दिवस फार काळ टिकले नाहीत. सासरच्या घरावर आर्थिक संकट कोसळले. पदरी दोन लहान मुले, आणि मिळकत नाही! दुसऱ्याच्या आधारावर जगणे दुर्गाबाईंच्या मानी स्वभावाला रुचणारे नव्हते. प्रथम त्यांनी शिकवण्या केल्या. परंतु त्यांवर संसार भागणे कठीण होते. इतक्यात ‘फरेबी जाल’ या चित्रपटात एक लहानसे काम चालून आले. ते त्यांनी स्वीकारले.

१९३१ साली तो चित्रपट प्रदर्शित झाला. त्याच्या जाहिरातीत लाडांची कन्या आणि खोट्यांची सून असा दुर्गाबाईंचा ठळक उल्लेख होता. चित्रपट लोकांना मुळीच आवडला नाही. टीकेचा सारा रोख मात्र दुर्गाबाईंवर आणि त्यांच्याबरोबर दोन्ही घराण्यांवर वळला. पोटासाठी केलेल्या कामामुळे माहेर आणि सासर दोघांनाही बोल लागावा, याहून मोठे दुःख कोणते?

दुसरी एखादी स्त्री असती, तर तिने पुन्हा चित्रपटाचे नाव काढले नसते. परंतु लवकरच कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात तारामतीची भूमिका त्यांना देऊ केली. दुर्गाबाईंनी धैर्य केले. पडद्यामागून दुसऱ्याने गाण्याची सोय तेव्हा नव्हती. नटनटींना आपली गाणी स्वतःच गावी लागत. शिवाय हा बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत व्हावयाचा होता. त्यामुळे प्रत्येक प्रसंगाचे श्रम दुप्पट! राजवैभव गेल्यावरही धीर न सोडणारी तारामती दुर्गाबाईंनी जिवंत उभी केली. १९३२ साली हा पहिला मराठी बोलपट प्रदर्शित झाला आणि कालपर्यंत नावे ठेवणारे लोक त्यांचे कौतुक करू लागले. अवघ्या एकोणीस वर्षांपूर्वी ज्या भूमिकेला स्त्री मिळत नव्हती, तीच भूमिका एका सुशिक्षित गृहिणीने गाजविली होती.

यानंतर दुर्गाबाईंनी मागे वळून पाहिले नाही. त्या काळी नटनटी एकाच कंपनीत मासिक पगारावर काम करीत. दुर्गाबाईंनी मात्र कोणा एका कंपनीशी स्वतःला बांधून न घेता निरनिराळ्या कंपन्यांत कामे केली. कलकत्त्याच्या ‘सीता’ चित्रपटात त्या सीता झाल्या, तर ‘अमरज्योती’मध्ये अन्यायाविरुद्ध उठलेली समुद्रावरील बंडखोर सौदामिनी! ‘राजमुकुट’सारख्या नाटकातून त्यांनी रंगभूमीचीही सेवा केली. ‘मुगल-ए-आझम’मध्ये पती आणि पुत्र यांच्या कलहात होरपळणारी जोधाबाई त्यांनी साकारली, ती १९६० साली. प्रत्यक्ष आयुष्यातही पुत्राच्या अकाली मृत्यूचा घाव त्यांना सोसावा लागला. तरीही त्यांनी काम सोडले नाही.

१९६८ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री ही पदवी दिली. चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च असा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना १९८३ या वर्षासाठी लाभला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा हा पुरस्कार होता. २२ सप्टेंबर १९९१ रोजी दुर्गाबाईंचे देहावसान झाले.

उतारवयात त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले. संसार, कला, यश आणि दुःख यांविषयी त्यांनी त्यात मोकळेपणाने लिहिले आहे. त्या ग्रंथाचे नाव आहे ‘मी, दुर्गा खोटे’. कोणाची कन्या नव्हे, कोणाची सून नव्हे; केवळ स्वतःचे नाव! एके काळी ज्या नावाला लोकांनी बोल लावला, तेच नाव दुर्गाबाईंनी कष्टाने आणि स्वाभिमानाने आदरास पात्र केले.