सावित्रीमाईंच्या नावाचे २२५० रुपये

मोशीत कचरा डेपोच्या आजूबाजूला, पत्र्याच्या खोल्यांतून, बाप गेलेली लेकरे भेटतात तेव्हा आम्हाला सावित्रीमाई आठवतात. पहिली शिक्षिका म्हणून आपण त्यांना हार घालतो. पोराच्या हाती पाटी देताना त्याच्या पोटाकडेही पाहणारी माय मात्र विसरतो.

३ जानेवारी १८३१ ला नायगावात जन्म, १८४० ला जोतीरावांशी लग्न, १८४८ ला पुण्यात मुलींची शाळा, अंगावर शेणाचे गोळे. हे आपल्या पोराबाळांनाही पाठ आहे. १८६३ ला फुले दांपत्याने घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. नाडलेल्या ब्राह्मण विधवा तिथे बाळंत होत. त्यांचे मुंडण करणाऱ्या धर्माला त्यांची बाळे नको होती. ती सांभाळली माळ्याच्या सुनेने! काशीबाईचा यशवंत १८७४ ला दत्तक घेतला, पुढे तो डॉक्टर झाला.

मग १८७६-७७ चा दुष्काळ. मोशीवरून जाणाऱ्या नाशिक रस्त्याने वर गेले की जुन्नर तालुका लागतो. तिथल्या ओतूरहून माईंनी २० एप्रिल १८७७ ला जोतीरावांना पत्र धाडले. सत्यशोधकांसोबत त्या दुष्काळी कामात होत्या. त्याच वर्षी धनकवडीला उपाशी मुलांसाठी बालाश्रम उघडला. भुकेल्या पोराकडे उत्पन्नाचा दाखला मागण्याची रीत तेव्हा निघायची होती.

१८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग गायकवाड हा आजारी मुलगा पाठीवर घेऊन माईंनी यशवंतच्या दवाखान्यात आणला. पोरगा वाचला. माई १० मार्चला गेल्या.

राज्याच्या बालसंगोपन योजनेला २०२३ मध्ये त्यांचे नाव मिळाले. आई किंवा बाप नसलेल्या गरीब मुलाला घरीच वाढवण्यासाठी महिना २२५० रुपये. चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगार मरतो, पण त्याच्या विधवेला हे कुणी सांगत नाही. आम्ही भरलेला एका भगिनीचा अर्ज एका कार्यालयात वर्षभर पडून राहिला. तोवर तिचा आठवीतला पोरगा टपरीवर कप विसळू लागला होता. योजनेला माईंचे नाव देणाऱ्यांना त्या पोराची लाज वाटते काय?

बांधवांनो, दर रविवारी सकाळी आम्ही विहारात अर्ज भरून देतो. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधार, शाळेचा दाखला, बँकेचे पासबुक सोबत आणा. उत्पन्नाचा दाखला नसेल तरी या. तहसीलला आम्ही बरोबर येऊ.