खोपोलीचा तलाव आणि नानांची मसलत

बोरघाट उतरून खोपोलीस आले की महादेवाचे देऊळ आणि त्याजवळचा मोठा तलाव दृष्टीस पडतो. आपण कर्जत-खालापूरकर तेथून नेहमी जातो-येतो. पण ही दोन्ही कामे करविणाऱ्या नाना फडणिसांचे स्मरण क्वचितच करतो. २०२३ साली जी-२० राष्ट्रांचे प्रमुख दिल्लीत जमले, तेव्हा यजमानपदाची चर्चा घरोघर झाली. परस्परांवर विश्वास नसलेल्या सत्ताधीशांना एका मसलतीत आणण्याचे ते अवघड काम नानांनी अठराव्या शतकात केले होते.

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १७४२ साली साताऱ्यास झाला. घराणे मूळचे कोकणातील वेळासचे. १७६१ साली पानिपतावर त्यांची आई अंतरली. ते स्वतः कसेबसे परतले. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले, आणि बारभाईंच्या कारभाराची सूत्रे हळूहळू नानांच्या हाती आली.

निजाम, हैदरअली आणि नागपूरकर भोसले यांची एकमेकांशी जुनी वैरे होती. नानांनी वकिलांमार्फत बोलणी चालवून १७८० च्या सुमारास त्यांना इंग्रजांविरुद्ध पुणे दरबाराच्या जुटीत आणले. पुढे भोसले आणि निजाम कच्चे निघाले, तरी इंग्रजांना अनेक आघाड्यांवर गुंतावे लागले. १७८१ साली जनरल गॉडर्ड आपल्याच बोरघाटापर्यंत चढून आला. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी त्याची रसद तोडली. एप्रिलमध्ये मोठे नुकसान सोसून तो पनवेलीस परतला. १७८२ साली महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला.

१७८४ साली यादगीर येथे नाना आणि निजामअली समोरासमोर बसले. जुन्या देण्याघेण्याचे वाद मिटले नाहीत, पण टिपूविरुद्ध एकत्र येण्याचे ठरले. त्यातून १७८६ ची बदामीची मोहीम झाली. १७९० साली तर नानांनी पुण्यात इंग्रजांशीच टिपूविरुद्ध तह केला. कालचा शत्रू आजचा सोबती झाला. ही दूरदृष्टी की चूक, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

१७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्यावर सारे मराठे सरदार एकत्र लढले, ते शेवटचेच. त्याच वर्षी सवाई माधवराव वाड्याच्या गच्चीवरून पडून मृत्यू पावले. नानांच्या कडक देखरेखीत वाढलेल्या त्या तरुण पेशव्यास राज्यकारभार स्वतंत्रपणे चालविण्याची संधी कधी मिळालीच नाही. १३ मार्च १८०० रोजी नाना गेले, आणि १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईस इंग्रजांचे अंकितपण पत्करले.

नानांचा मोठेपणा आणि त्यांची उणीव एकाच ठिकाणी आहे. इतरांना एकत्र बसविण्याची कला त्यांना साधली, पण ती त्यांनी कोणास शिकविली नाही. सारे धागे एकाच हातात राहिले. तो हात गेला आणि वीण उसवली. खोपोलीच्या तलावाकाठी क्षणभर थांबताना आपण विद्यार्थ्यांनी त्यांच्या कर्तृत्वास वंदन करावे, आणि ही उणीवही ध्यानात ठेवावी.