दोन रुपये पगारावर टाईप घासणारा मुलगा, ज्याने देवनागरीला देखणं केलं

पावसाळ्यात पौडवरून मुळशीला गेलात तर कॅफे आणि कॅम्पिंगच्या पाट्या नीट बघा. फुगलेली, वितळल्यासारखी अक्षरं, मागे केशरी-जांभळा रंग. साठच्या दशकातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉक पोस्टरांची ही स्टाईल. मराठीत हा लूक हवा असेल तर मुंबईच्या ‘एक टाईप’चा ‘मोदक’ फॉन्ट फुकट मिळतो. अक्षरं इतकी गुबगुबीत की आतल्या मोकळ्या जागेची नुसती रेघ उरते.

आपण एका क्लिकवर फॉन्ट बदलतो. जावजी दादाजी चौधरींच्या काळी एकेक अक्षर पोलादात कोरावं लागायचं.

जावजींचा जन्म 1839 चा, मुंबईतला. घरची गरिबी इतकी की शाळा राहिली बाजूला आणि हा मुलगा दहाव्या वर्षाच्या सुमारास अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागला. काम टाईप घासून साफ करण्याचं, पगार महिना दोन रुपये. पण जागा नेमकी मिळाली! तिथे थॉमस ग्रॅहम देवनागरी टाईप सुधारत होते.

त्या काळातली खरी अडचण समजून घ्या. पोलादावर उलटं अक्षर कोरायचं, ते तांब्यात ठोकून साचा करायचा, मग त्यात शिशाचा मिश्रधातू ओतायचा. इंग्रजीत शंभर-दीडशे खिळ्यांत भागतं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि वर जोडाक्षरं, म्हणजे शेकडो खिळे. मात्रा वेगळी ओतली तर ती अक्षरावर नीट बसायला हवी. सबंध ओतली तर खिळे आणखी वाढतात. (आजही फॉन्टमध्ये सोय नसली की जोडाक्षर फुटतं आणि पाटीवर हलन्त लोंबकळत राहतो. दुखणं जुनंच आहे.)

इतर छापखान्यांत अनुभव घेऊन जावजींनी 1864 मध्ये स्वतःची टाईप फाउंड्री काढली. कोरण्याचं कसब होतं त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू यांच्या हातात. जावजींचं नाव राहिलं, राणोजींचं फारसं कुणी घेत नाही. हे मला तरी खटकतं, कारण आपण ज्याला निर्णयसागरी वळण म्हणतो ते या दोघांचं आहे.

1869 मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू झाला. स्वच्छ, रेखीव छपाई ही त्याची ओळख बनली. 1886 पासून जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनात ‘काव्यमाला’ निघू लागली आणि हस्तलिखितांत अडकलेले संस्कृत ग्रंथ छापून लोकांच्या हाती आले. शाळा सुटलेल्या माणसाच्या छापखान्यातली पुस्तकं पंडित प्रमाण मानू लागले.

1892 मध्ये, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना, जावजी गेले. छापखाना पुढे मुलगा तुकाराम यांनी चालवला. घरात आजोबांच्या काळची संस्कृत पोथी किंवा पुस्तक असेल तर पहिलं पान उघडून बघा, तळाशी ‘निर्णयसागर’ सापडण्याची शक्यता बरीच आहे.